माळ्यावरची हॉकी स्टिक



गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारामागच्या गल्लीतील एका ताईंचे घर गळू लागले. पत्रे बदलायचे म्हणून माळ्यावरचे सामान खाली उतरवले. जुन्या गोधड्या, लग्नात आलेली पातेली, मुलांची पहिली-दुसरीची पुस्तके आणि सगळ्यात मागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक हॉकी स्टिक. मुठीवरची पट्टी झडलेली, खालचे वळण घासून पांढरे पडलेले. ताईंच्या धाकट्या मुलीने विचारले, "आई, ही कुणाची?" ताई म्हणाल्या, "माझी." मुलीला ते खरेच वाटेना. तिने जन्मापासून आईच्या हातात लाटणे, झाडू आणि रेशनची पिशवी एवढेच पाहिलेले.

ताईंचे वय ३८. एका शाळेत मदतनीस म्हणून काम करतात. माहेर खडकीचे, वडील कारखान्यात कामगार. शाळेच्या संघातून, मग जिल्ह्याच्या संघातून त्या खेळल्या. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारले, "मुलीला काय काय येते?" तेव्हा स्वयंपाक सांगितला गेला, शिवणकाम सांगितले गेले, हॉकी कुणी सांगितली नाही. स्टिक रुखवतात मांडली गेली नाही. ताईंनीच ती गादीत गुंडाळून सासरी आणली आणि माळ्यावर सरकवून दिली.

पत्र्यांचे काम संपते न संपते तोच त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीचा निरोप आला. परजिल्ह्यात ३५ वर्षांवरील महिलांची हॉकी स्पर्धा आहे, जुन्या मुलींचा संघ जमवतो आहोत, येतेस का? रेल्वेचे भाडे, बूट आणि चार दिवसांची रजा एवढ्याचा प्रश्न होता. ताई रविवारी वंदना झाल्यावर मंडळाच्या बैठकीत आल्या आणि दाराजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, मंडळाने तिकिटाचे तेवढे बघितले तर बरे होईल."

मंडळाच्या हिशेबाची वही आमच्याकडे असते. आम्ही वही न उघडताच उत्तर दिले, "ताई, खेळणे हे लेकरांचे वय. हा पैसा वह्या-पुस्तकांचा आहे." चार माणसांनी मान हलवली. ताई काही न बोलता गेल्या. आम्हालाही वाटले की आपण मोठे शहाणपण केले.

वाचकहो, हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य आमचे होते आणि ते चुकीचे होते. का चुकीचे होते ते सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे.

खेळायला वेळ कुठून आला?

घरी येऊन चहा घेत बसलो होतो. रविवारचा दिवस. सहज मनात आले, हा रविवार आपल्याला कुणी दिला? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. त्यापूर्वी गिरणीतला माणूस सातही दिवस भोंग्याबरोबर उठत होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले. कामगाराला पगारी सुट्टीचा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

हे तास वाचवले कशासाठी? १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, माणूस आणि जनावर यांत फरक करते ती संस्कृती, आणि पोटामागे दिवसभर राबणाऱ्याला संस्कृती लाभत नाही, त्यासाठी फुरसत लागते. ज्यांना फुरसत पिढ्यान्‌पिढ्या मिळालीच नाही त्यांच्यासाठी त्यांनी कायद्याने वेळ मिळवून दिला. त्या वेळेचे आम्ही काय केले? काही ओव्हरटाईमला गेला, काही टीव्हीपुढे गेला, काही गुत्त्यात गेला. आणि बाईच्या वाट्याला तर तो आलाच नाही. कारखाना सुटला तरी चूल सुटत नाही. तेव्हा ३८ वर्षांची एक बाई चार दिवस मागत होती, ते कुणाच्या पैशाचे भीक मागणे नव्हते. आधीच मिळालेल्या हक्कातला तिचा वाटा ती मागत होती.

ही प्रौढांची हॉकी आहे तरी काय?

आपल्याकडे हॉकी म्हटली की शाळेची पोरे नाहीतर टीव्हीवरचा भारताचा संघ, एवढेच डोळ्यांपुढे येते. मधली माणसे दिसत नाहीत. वास्तविक या देशात हॉकी वाढली ती मोठ्या माणसांच्या स्पर्धांतून. कोलकात्याची बेटन चषक स्पर्धा १८९५ साली सुरू झाली, मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ साली. त्यांत रेल्वे, पोलिस, कस्टम्स, लष्कर अशा खात्यांचे संघ उतरत. दिवसा नोकरी करणारी माणसे संध्याकाळी मैदानावर यायची. हॉकीने कित्येक गरीब घरांत पगार आणला. आजही महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

पण नोकरीसाठी खेळणे संपले की पुढे काय? त्यासाठी जगभर 'मास्टर्स' नावाच्या स्पर्धा भरतात. ३५ वर्षांच्या पुढे पाच-पाच वर्षांच्या पायऱ्या करून गट पाडतात. सत्तरी ओलांडलेल्यांचेही संघ असतात. आपल्या देशात हॉकी इंडियाने २०२५ च्या जून महिन्यात चेन्नईत पहिली मास्टर्स चषक स्पर्धा भरवली. पुरुषांसाठी ४० वर्षांवरील आणि महिलांसाठी ३५ वर्षांवरील अशी अट होती. म्हणजे 'हे लेकरांचे वय' असे आम्ही म्हणत होतो, तेव्हा तिकडे उलट नियम होता. लेकरांना प्रवेशच नाही!

या वयाच्या अटीवरून एक गंमतही झाली. वयाचा पुरावा म्हणून ताईंनी शाळेचा दाखला काढला. त्यावर जन्मतारीख १ जून. आपल्या वाचकांना हसू येईल, कारण आपल्यापैकी निम्म्यांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. आईबापांना तारीख माहीत नसायची, गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालून मोकळे व्हायचे. ताईंच्या संघात तिघींची तारीख १ जून निघाली. पंच म्हणाले, "काय, जुळ्या-तिळ्या बहिणी की काय?"

आता थोडे खेळाविषयी, कारण आमच्या महिला मंडळातील भगिनींनी मुद्दाम विचारले. मैदानावर एका बाजूला ११ खेळाडू. सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांचे चार भाग. पूर्वी ३५-३५ मिनिटांचे दोन भाग असत. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. दमलेली बाई बाहेर येते, पाणी पिते, दम खाते, पुन्हा आत जाते. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांत असे चालत नाही. चाळिशीच्या माणसाला हॉकी झेपते ती याच सोयीमुळे. गोल करायचा तर समोरच्याच्या 'डी'मधूनच चेंडू मारावा लागतो, लांबून मारलेला चालत नाही. म्हणून एकट्या दांडगाईने काम होत नाही, चेंडू एकमेकांकडे देत देतच पुढे जावे लागते. धसमुसळेपणा केला तर हिरवे कार्ड, मग दोन मिनिटे बाहेर. पिवळे मिळाले तर किमान पाच मिनिटे. लाल मिळाले तर घरी. आमच्या मंडळाच्या बैठकांनाही हा नियम लागू करावा असे आम्हाला फार दिवस वाटते!

खडकीची माती

आमच्या भागात हॉकी नवी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. छावणी आली, कारखाने आले, त्यांच्याबरोबर हॉकी आली आणि साहेबाच्या मैदानावरून ती कामगारांच्या वसाहतीत उतरली. धनराज पिल्ले याच खडकीचे. वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे. मोडक्या स्टिका दोरीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन हा मुलगा भावांबरोबर खेळला. पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला, १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताला ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. शेवटचे ऑलिंपिक अथेन्सचे, २००४ साली. तेव्हा त्यांचे वय ३६ होते.

मुंबईच्या मरीन लाइन्सजवळच्या युवराज वाल्मीकीची गोष्ट अलीकडची आहे. २०११ साली चीनमधील ऑर्डोस येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्याने मारली. देशभर पेढे वाटले गेले. आणि तो परत आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरात वीज नव्हती! वर्तमानपत्रांत बातम्या आल्यावर दिवा लागला. त्याचा भाऊ देविंदर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये खेळला.

मग अशा वस्त्यांतून हॉकी कमी का झाली? एक कारण मैदानातच आहे. १९७६ साली माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथम कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. त्यानंतर मोठी हॉकी मुरमाच्या मैदानावरून उठली. मुरमावर चेंडू उसळतो, अडखळतो, तिथे मनगटाची कला लागते. हिरवळीवर चेंडू सरळ आणि वेगाने पळतो, तिथे पळण्याची ताकद आणि सराव लागतो. हिरवळ अंथरायला पैसा आणि तिच्यावर मारायला पाणी लागते. ज्याच्याकडे हिरवळ त्याचीच हॉकी, असे झाले. आमच्या जवळ पिंपरीच्या नेहरूनगरात महापालिकेचे मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथे पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. ते लोकांच्या करातून उभे राहिलेले आहे, म्हणजे आपलेही आहे. पण दुपारची पाळी सुटल्यावर बस बदलून तिथे पोचायचे म्हणजे काय, हे पाळी करणाऱ्यालाच विचारावे.

चार आक्षेप

आमचे मन बदलले तरी मंडळाचे बदलायचे होते. पुढच्या रविवारी आम्ही विषय पुन्हा काढला. आक्षेप चार आले, ते क्रमाने देतो.

पहिला आक्षेप पैशाचा. आम्ही हिशेबाची वही उघडली आणि गेल्या जयंतीचा खर्च वाचून दाखवला. ताईंच्या जाण्या-येण्याच्या तिकिटांचा आकडा डीजेच्या एका तासाच्या भाड्याइतकाही नव्हता. वही खाली ठेवली. कुणी काही बोलले नाही. वह्या-पुस्तकांचा पैसा वह्या-पुस्तकांनाच गेला पाहिजे यात वाद नाही. पण तो पैसा कानठळ्या बसवण्यात जातो तेव्हा आमची जीभ हलत नाही, आणि एका बाईने तिकीट मागितले की आम्हाला शिक्षण आठवते. हा दुटप्पीपणा आमच्याच अंगी होता.

दुसरा आक्षेप एका वयोवृद्ध उपासकांचा. आप्पा धम्मग्रंथ वाचणारे आहेत. म्हणाले, "सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी संपत्तीनाशाची सहा दारे सांगितली, त्यांत खेळ-तमाशांमागे हिंडणे आहे." आम्ही नम्रपणे म्हणालो, "आप्पा, बरोबर. मद्यपान, अवेळी भटकणे, तमाशांचा नाद, जुगार आणि कुसंगती ही पाच झाली. सहावे दार कोणते?" आप्पा हसले. सहावे दार आळस! भगवंतांनी तमाशे बघत हिंडण्याला नावे ठेवली, स्वतःचे अंग झिजवण्याला नाही. आप्पांनी मग स्वतःच सोण भिक्खूची कथा सांगितली. चालण्याच्या साधनेचा अतिरेक करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेची तार आठवून दिली. फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी सूर नाही. चाळिशीनंतर खेळणाऱ्याला याहून चांगला प्रशिक्षक कुठे मिळणार?

तिसरा आक्षेप, "यातून नोकरी मिळते का?" उत्तर सरळ आहे, नाही मिळत. या वयाच्या स्पर्धेतून नोकरी नाही, बढती नाही. पण आपल्या माणसाने प्रत्येक गोष्ट नोकरीसाठीच करावी, असे कुणी ठरवले? बाकीचे लोक सकाळी टेकडीवर जातात, बॅडमिंटन खेळतात, पोहतात, तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही की यातून काय मिळते.

चौथा आक्षेप मोठ्याने बोलला गेला नाही, कुजबुजला गेला. "बाईमाणूस, लेकुरवाळी, ट्रॅकपँट घालून परगावी जाणार?" त्यावर महिला मंडळाच्या अध्यक्षा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले ते आम्ही घरात बसावे म्हणून का?" मग मते मोजायची गरज पडली नाही. तिकिटे मंडळाने द्यायची, बूट आम्ही पाच-सहा जणांनी मिळून घ्यायचे, असे ठरले. ताईंच्या सासूबाई मात्र अबोला धरून बसल्या.

ताई गेल्या त्याची हकिकत

स्पर्धेत आठ संघ. संयोजकांनी शहाणपण केले, सामने साखळी पद्धतीने ठेवले. हिशेबाचा माणूस म्हणून आम्हाला हे फार पटले. आठ संघ बाद पद्धतीने खेळवले तर सात सामन्यांत स्पर्धा संपते, पण चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. ज्यांनी रजा टाकली, भाडे भरले, मुले शेजारणीकडे ठेवली, त्यांनी एक तास खेळून परतायचे? चार-चार संघांचे दोन गट केले तर साखळीचे बारा, उपांत्य दोन आणि अंतिम एक, असे पंधरा सामने होतात. खर्च वाढतो, पण प्रत्येकीला तीन सामने नक्की मिळतात. कामकरी माणसांची स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे गणित ध्यानात ठेवावे.

पहिला सामना ताईंचा संघ चार गोलांनी हरला. ताई म्हणाल्या, "भाऊ, पहिली पाच मिनिटे पाय माझे नव्हतेच. चेंडू येतोय हे डोळ्याला कळायचे, पायाला कळायचे नाही." दुसऱ्या सामन्यात चेंडू नडगीवर बसला. नडगीचे पॅड उसने आणलेले, मापाने लहान. दहा मिनिटे बाहेर बसून पुन्हा आत गेल्या. तो सामना बरोबरीत सुटला. तिसरा हरला, पण एकाच गोलाने. पदक नाही, चषक नाही. तीन सामने, एक बरोबरी, एवढीच जमा.

मुक्कामाच्या खोलीत दुसऱ्या संघातील एका बाईने गोड बोलत बोलत विचारले, "आडनाव काय म्हणालात तुमचे?" हा प्रश्न आपल्याला ओळखीचा आहे. नाव विचारून भागत नाही, आडनाव लागते, आणि आडनावाने भागले नाही तर गाव लागते. ताईंनी आडनाव सांगितले आणि पुढचा प्रश्न येण्याआधीच म्हणाल्या, "आम्ही जयभीमवाले." बाई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तीच बाई नडगीला बांधायला पट्टी घेऊन आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहितो.

या ठिकाणी वंदना कटारिया आठवल्याशिवाय राहत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्टला भारत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या जातीवरून शिवीगाळ झाली, अशी तक्रार कुटुंबाने केली. पोलिसांनी गुन्हा दाखल केला. तिचे वडील त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते, सराव शिबिरामुळे ती अंत्यदर्शनालाही जाऊ शकली नव्हती. एवढे सगळे पाठीवर घेऊन ६ ऑगस्टला ती कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा मैदानावर उतरली आणि तिने गोल केला. सामना भारत ३-४ असा हरला, ती हरली नाही. २०२५ साली निवृत्त होईपर्यंत ती ३२० आंतरराष्ट्रीय सामने खेळली. २०२२ साली तिला पद्मश्री मिळाली. ज्यांनी फटाके वाजवले त्यांची नावे कुणाला आठवतात?

आणि मुळात भारताला हॉकीचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले त्या १९२८ च्या संघाचा कर्णधार कोण? छोटानागपूरचा आदिवासी सुपुत्र जयपालसिंग मुंडा. हेच जयपालसिंग पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले. ज्या सभागृहात बाबासाहेब संविधानाचा मसुदा मांडत होते, त्याच सभागृहात भारताचा पहिला सुवर्ण कर्णधार बसला होता. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगा. हॉकी हा कुणा वरच्या लोकांचा खेळ नाही.

परत आल्यावर

ताई परत आल्या त्या लंगडत. चार दिवसांपैकी दोन दिवसांची रजा मंजूर झाली, दोन दिवस बिनपगारी गेले. त्यांच्या घरात दोन दिवसांचा पगार म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. तक्रार न करता त्यांनी ते सोसले. पण सोसले म्हणून ते योग्य ठरत नाही. शासनाच्या आणि खात्यांच्या संघातून खेळणाऱ्याला रजा मिळते. शाळेतल्या मदतनीस बाईच्या खेळाला खेळ कोण म्हणणार?

त्या रात्री सासूबाईंनी अबोला न सोडताच मिठाचे पाणी गरम केले आणि परात सुनेच्या पायांपुढे सरकवली. ताईंनी पाय बुडवले. धाकट्या मुलीने तोवर स्टिक पुसून दाराच्या मागे, हाताला येईल अशी उभी केली होती. ती पुन्हा माळ्यावर गेली नाही.

आता दर रविवारी सकाळी ताई मुलीला आणि गल्लीतल्या आणखी पाच-सहा मुलींना घेऊन मैदानात जातात. दोन मुलींच्या आयाही येऊ लागल्या आहेत. कडेला उभ्या राहतात, मग हळूच पदर खोचतात. पण मैदानाचा प्रश्न सुटलेला नाही. वस्तीजवळचे मोकळे मैदान लग्नाच्या मांडवांना आणि गाड्या लावायला दिले जाते. कधी फाटकाला कुलूप असते. आम्ही अर्ज दिला आहे, पोचही घेतली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत. कारकुनाला एक गोष्ट नक्की कळते. अर्जामागे माणूस उभा राहिला नाही तर अर्ज फायलीतच म्हातारा होतो.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आमची तुम्हाला विनंती फार मोठी नाही. घरात कुणी पूर्वी हॉकी, कबड्डी, खो-खो काही खेळलेले असेल तर त्याला वा तिला आज रात्री जेवताना विचारा, कोणत्या जागेवर खेळायचा, का सोडलेत? उत्तर शांतपणे ऐकून घ्या. पुन्हा खेळायचे असेल तर आधी सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पहिल्याच दिवशी पंचविशीतल्यासारखे पळू नका, वीणेची तार आठवा. नडगीचे पॅड स्वतःच्या मापाचे घ्या, उसने नको. तीन-चार वस्त्यांनी मिळून सामान घेतले तर कुणावरच भार पडत नाही. मंडळांनी जयंतीच्या अंदाजपत्रकात डीजेच्या वरच्या ओळीत खेळाचे एक खाते उघडावे. आणि त्या खात्यात मुलांइतकेच मोठ्यांचे, पुरुषांइतकेच बायांचे नाव असावे.

आमच्या वहीत आम्ही ते खाते उघडले आहे. पहिली नोंद ताईंच्या तिकिटांची आहे. खर्चाच्या बाजूला लिहिताना हात थोडा अडखळला. बी.कॉम.ला शिकवलेल्या नियमाप्रमाणे ती रक्कम खर्चातच जाते, दुसरीकडे लिहिता येत नाही. म्हणून तिथेच लिहिली. पण दर रविवारी मैदानाच्या कडेला त्या आयांना पदर खोचताना पाहिले की वाटते, जमेची बाजू या वहीत मावणारी नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!